टीव्ही लावायचा तर नंबर द्या : तुमच्या घरी काय झालं?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं टीव्हीचा आणि आपला व्यवहार एकतर्फी होता. गच्चीवरच्या अँटेनातून चित्र घरात यायचं, घरातून बाहेर काही जायचं नाही. आज नवा टीव्ही भिंतीवर चढवला की तो आधी वायफायचा पासवर्ड मागतो, मग ईमेल, मग मोबाईल नंबर, मग ओटीपी, आणि लांबलचक अटींखाली ‘मान्य’चं बटण. रिचार्ज फोनवरून, तक्रार फोनवरून, आणि त्याच फोनमध्ये बँक. टीव्ही बंद पडला की घरातलं माणूस कासावीस होतं, त्यातही दिवसभर एकटं असणारं वयस्कर माणूस. नेमकी ती घाई चोर हेरतात.

दाराला कुलूप घालणारी आपली घरं या बाजूने उघडी आहेत आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा. काय घडलं आणि तुम्ही काय केलंत, ते तपशिलात लिहा. कंपन्यांची, बँकांची नावं आणि कोणाचेही नंबर मात्र नकोत.

इचलकरंजी

वडील शहात्तर वर्षांचे. क्रिकेटचा सामना सुरू व्हायच्या बेतात होता आणि स्क्रीनवर आलं, ‘रिचार्ज संपले आहे’. पैसे भरलेले होते, टीव्हीच्या डब्यापर्यंत (सेट-टॉप बॉक्सपर्यंत) पोचले नव्हते, एवढंच. त्यांनी फोनवर कस्टमर केअरचा नंबर शोधला आणि सगळ्यात वर जो दिसला तो लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलणारा. ‘काका, तुमचा सामना चुकू देणार नाही’ म्हणाला. त्याने एक ॲप टाकायला लावलं, त्यात दिसणारा कोड वाचून घेतला आणि पडताळणीसाठी दहा रुपये भरायची लिंक पाठवली. वडिलांनी त्यात डेबिट कार्डाचा नंबर भरला.

आता महत्त्वाचं. ‘ओटीपी कोणाला सांगायचा नाही’ हे वडिलांना पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी तो सांगितलाही नाही. सांगायची गरजच उरली नव्हती. त्या ॲपमुळे फोनची अख्खी स्क्रीन पलीकडे दिसत होती. मेसेज वर झळकला की तो तिकडेही वाचला जात होता.

पैसे कटल्याचा मेसेज आईने पाहिला. तिने वडिलांचा फोन बंद केला, आधी त्यातला मेसेज कागदावर उतरवून घेतला आणि स्वतःच्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावला. तिथे पहिल्यांदा विचारतात ते रक्कम, वेळ, कोणत्या बँकेतून गेले आणि व्यवहाराचा क्रमांक. हे हाताशी असेल तर मिनिटं वाचतात, आणि सगळा खेळ मिनिटांचाच असतो. पैसे दोनदा गेले होते. पहिली रक्कम एटीएममधून निघून गेली होती, दुसरी पुढच्या खात्यात अडकवता आली. ती परत मिळायला कोर्टाचा आदेश लागला, पण मिळाली.

बँकेच्या बाबतीत एक नियम सगळ्यांनी लक्षात ठेवावा. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक आहे. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहारात बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर काहीही बोजा येत नाही. ग्राहकाच्या हातून माहिती गेली असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचं नुकसान त्याचं, त्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून १९३० लावला तरी बँकेतही त्याच क्षणी कळवायचं.

वडिलांना घरात कोणी एक शब्दही बोलायचा नाही, हे आम्ही भावंडांनी त्या रात्रीच ठरवलं. बोलणी खावी लागतील या भीतीने म्हातारी माणसं गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यात उरलेले पैसे जातात.

निफाड तालुका, केबलचा धंदा

वरचा अनुभव वाचून राहवलं नाही. रिचार्ज अडकला तर आम्हाला ग्राहकाकडून एकच गोष्ट लागते : डब्याखालच्या स्टिकरवरचा नंबर. कोणी व्हीसी नंबर म्हणतं, कोणी कार्ड नंबर. तो सांगितला की आम्ही इकडून सिग्नल पुन्हा पाठवतो, आमच्या बोलीत ‘रिफ्रेश मारतो’. डबा चालू ठेवायचा, थोड्या वेळात चित्र येतं. यात ओटीपी नाही, कार्ड नाही, ॲप नाही. जो हे मागेल तो टीव्हीवाला नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

फेब्रुवारी २०१९मध्ये चॅनल निवडायचे नवे नियम आले, १३० रुपये मूळ आकार आणि कर धरून १५३ रुपये ४० पैसे, तेव्हा आमच्या ग्राहकांना ‘आजच चॅनल निवडा नाहीतर टीव्ही बंद’ असे कुठून कुठून फोन यायला लागले. तेव्हापासून मी प्रत्येक घरी टीव्हीच्या मागे एक पट्टी चिकटवतो. डब्याचा नंबर, माझा नंबर, पॅक संपायची तारीख. केबलऐवजी डिशची छत्री असेल त्यांनी कंपनीचा नंबर डब्याच्या खोक्यावरून किंवा बिलावरून बघून असाच मागे लिहून ठेवावा. नंबर नेटवर शोधायची वेळच येता कामा नये.

पुणे, सॉफ्टवेअर टेस्टिंग

पैशांची चोरी दिसते तरी. मला लिहायचंय ते न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल.

बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये पडद्यावर काय चाललंय ते ओळखणारी यंत्रणा असते. ती ठरावीक वेळाने चित्राचे किंवा आवाजाचे बारीक नमुने घेते, त्यांचा ठसा कंपनीच्या सर्व्हरला पाठवते आणि तिथल्या साठ्याशी जुळवते. त्यामुळे तुम्ही केबलच्या डब्यावर बातम्या बघा नाहीतर पेनड्राइव्हवर जुना सिनेमा लावा, तो टीव्हीच्या काचेवर उमटला की ओळखता येतो. अमेरिकेत २०१७ साली विझिओ या कंपनीने अशाच प्रकरणात २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. ग्राहकांना नीट न सांगता १ कोटी १० लाख टीव्हींवरून माहिती गोळा केल्याचा आरोप होता.

हे बंद करता येतं. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ किंवा ‘अटी व धोरणे’ अशा नावाखाली जा. तिथे ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन’, ‘लाइव्ह प्लस’, ‘इंटरेस्ट बेस्ड ॲड्स’ अशी कलमं असतात. खुणा काढून टाका. टीव्ही पूर्वीसारखाच चालतो, काहीही अडत नाही. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर पुन्हा एकदा बघा.

दुसरी गोष्ट अगदी साधी. रिमोटने पासवर्ड टाकताना एकेक अक्षर शोधत बाण फिरवावा लागतो, पडद्यावर प्रत्येक अक्षर ठळक होतं आणि दिवाणखान्यात बसलेला पाहुणाही तो वाचू शकतो. त्यापेक्षा टीव्हीवर दिसणारा क्यूआर कोड आपल्याच फोनने स्कॅन करून आत शिरा. टीव्हीसाठी वेगळा ईमेल पत्ता काढा. ज्या ईमेलवर बँक आहे तो टीव्हीला देऊ नका, हे मी नातेवाइकांना हात जोडून सांगतो.

धानोरा, जि. गडचिरोली

आमच्याकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे. छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचा एक रुपया नाही. डिसेंबर २००४ पासून ही सेवा सुरू आहे. खातं नाही, नंबर नाही, रिचार्ज नाही. तरीही ‘फ्री डिशची केवायसी करा, नाहीतर चॅनल बंद’ म्हणून आमच्या वाडीत फोन आला. ज्या सेवेला ग्राहक क्रमांकच नाही तिची कसली केवायसी? शाळेच्या फळ्यावर मुलांकडून हे लिहून घेतलं आणि घरी सांगायला लावलं.

लातूर, मोबाईल दुरुस्ती

आयपीएल सुरू झालं की माझ्या दुकानात एका प्रकारचे फोन यायला लागतात. पोरांना व्हॉट्सॲपवर ‘सगळे सामने फुकट’ म्हणून एक फाइल आलेली असते, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. लग्नपत्रिका, गाडीचं चलान, वीजबिल अशा नावांनी येते तीच जात, फक्त वेश वेगळा. फाइल उघडली की फोन धोक्याची सूचना देतो, पोरगं ती ओलांडून पुढं जातं. मग ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. सामना दाखवायला मेसेज कशाला वाचावे लागतात, एवढं जरी मनात आलं तरी माणूस वाचतो. परवानगी दिली की बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात. वर तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना जाते. मामाकडून आली म्हणून भाचा उघडतो, असं लोण पसरतं.

असा फोन हातात आला की माझा क्रम ठरलेला आहे. आधी विमान मोड, मग सिम बाहेर. दुसऱ्या फोनवरून बँकेत कळवून खातं, कार्ड, यूपीआय थांबवायचं. त्यानंतर सेटिंगमध्ये ॲपची पूर्ण यादी उघडायची, कारण या ॲपचं चिन्ह पहिल्या पडद्यावर दिसतच नाही. ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’मधले त्याचे हक्क काढल्याशिवाय ते जाता जात नाही. कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेत का तेही बघतो. शंका राहिली तर फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फोन कोरा करतो. गिऱ्हाईक म्हणतं, सगळं जाईल की. जाऊ द्या म्हणतो. खात्यातलं राहील.

एडिसन, न्यू जर्सी

इथे आईवडील आले की मराठी मालिका हव्याच असतात. सात समुद्रांपलीकडे त्यांचा दिवस त्यावर जातो, त्यात गैर काही नाही. त्यासाठी एका देशी दुकानात ‘एकदा पैसे भरा, सगळे चॅनल कायमचे’ असा डबा मिळाला, बऱ्याच घरांत तो होता. बसवायला आलेल्या मुलाने सर्वांत आधी अँड्रॉइडची सुरक्षा तपासणी बंद केली. नवऱ्याला ते खटकलं होतं. पुढे इंटरनेट कंपनीकडून पत्र आलं की तुमच्या जोडणीवरून संशयास्पद वाहतूक होते आहे. राउटरमध्ये पाहिलं तर टीव्ही बंद असतानाही रात्रभर त्या डब्यातून माहिती जात-येत होती.

जून २०२५मध्ये एफबीआयने अशाच डब्यांबद्दल जाहीर इशारा दिला. बॅडबॉक्स २.० नावाचं जाळं. विकायच्या आधीच किंवा बसवताना उतरवलेल्या ॲपमधून त्यांत घातक प्रणाली शिरते आणि तुमच्या घरचं इंटरनेट गुन्हेगारांना आडोसा म्हणून वापरायला मिळतं. आम्ही डबा काढून टाकला, वायफायचा पासवर्ड बदलला आणि मराठी वाहिन्यांची अधिकृत वर्गणी भरली. महाग पडते. आईला समजावताना मी एवढंच सांगितलं की या डब्यातून परकी माणसं आपल्या घरात येऊन बसली होती.

ठाणे

हे लिहू की नको असा विचार बरेच दिवस चालला होता. नवरा आणि मी वेगळे राहायला लागलो तेव्हा टीव्ही माझ्याकडे राहिला, पण टीव्हीवरची सगळी खाती त्याच्या नंबरवर होती. मुलगा रात्री किती वाजेपर्यंत कार्टून बघत होता, मी दुपारी घरी होते की नाही, हे सगळं ‘पुढे पाहा’च्या यादीत त्याला त्याच्या घरी बसून दिसत होतं. ते आधी नातेवाइकांच्या बोलण्यात आलं, मग मुलाच्या ताब्याच्या वादात.

मैत्रिणीने शेजारी बसून एकेक गोष्ट केली. टीव्ही पूर्ण कोरा करून माझ्या नव्या ईमेलवर सुरू केला. राउटरचा वायफाय पासवर्ड आणि त्याच्या आतल्या सेटिंगचा वेगळा पासवर्ड, दोन्ही बदलले. आवाजावर चालणारा रिमोटही जुन्या खात्याला जोडलेला होता, तो सोडवला. त्या खात्यात मी आणि मुलगा रिमोटशी बोललेलं साठवलेलं होतं. माझ्यासारख्या परिस्थितीत कोणी असेल तर वकिलाच्या आधी वायफाय बघा, हे मी अगदी गंभीरपणे सांगते आहे.

तारकर्ली, होम स्टे

पाहुणे आपलं ओटीटी खातं आमच्या टीव्हीवर लावतात आणि तसंच सोडून जातात. पुढच्या कुटुंबाला मागच्यांच्या मुलांची नावं आणि त्यांनी काय पाहिलं ते दिसतं. आम्ही आता चादरी बदलतो तसा टीव्हीही प्रत्येक वेळी कोरा करतो. तुम्ही निघून आला असाल तरी फोनवरून खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ असतं, ते दाबा.

धागाकर्ती

ठाण्याच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. कायद्याबद्दल काहींनी खासगीत विचारलं म्हणून इथे लिहिते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ला एकमताने सांगितलं. त्यानंतर वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. त्यांत संमती मागे घेण्याचा आणि माहिती खोडून टाकायला सांगण्याचा हक्क आहे.

निफाड तालुका, केबलचा धंदा

ताईंनी कायद्याचं लिहिलं म्हणून परत येतो. डबे सक्तीचे झाले तेव्हा प्रत्येक घरातून फॉर्म, फोटो, आधार किंवा रेशनकार्डाची प्रत घेतली होती. आमच्यासारख्यांच्या कपाटांत त्या प्रती वर्षानुवर्षं पडून आहेत. यातली बरीच कनेक्शनं कधीच बंद झाली. मी ठरवलंय, बंद ग्राहकांचे कागद घरोघर परत करायचे किंवा त्यांच्यासमोर फाडायचे. पहिली गल्ली झाली. एका आजींनी आपली प्रत बघून विचारलं, ‘ही तुझ्याकडं कशी?’ मी सगळं सांगितलं. चालू ग्राहकांकडून आता आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रतच घेतो, ती आधारच्या संकेतस्थळावरून निघते. काढता येत नसेल तर माझ्या दुकानात या, तुमच्यासमोर काढून देतो आणि कॉम्प्युटरवरची फाइल तुमच्यासमोरच पुसतो.