लातूर ते ठाणे, मे महिन्यात मटण न्यायचंय: बर्फ किती लागेल?

तेरणाकाठ
औशाजवळचं गाव ते ठाणं, अंदाजे ४८० किलोमीटर, थांबे धरून ११ तास. उस्मानाबादी बोकड गावातच कापायचा आहे, हाडासकट १४ किलो मटण निघेल. कार आहे, थर्माकोलचा ६० लिटरचा खोका आहे. बर्फ किती घ्यावा? घरचे म्हणतात हळद-मीठ चोळलं की बर्फ लागत नाही. खरं का?

गारठा
हळद-मिठाच्या भरवशावर मुळीच राहू नका. मीठ मटणातलं पाणी ओढतं, पिशवीत रस साठतो आणि ४० अंशांत आधी तोच आंबतो. हळदीनं वास झाकला जातो, म्हणजे नासलेलं लवकर कळतही नाही.

आता हिशोब. नुकतं कापलेलं मटण ३६-३८ अंशांचं असतं. १४ किलो मटण ४ अंशांवर आणायलाच साडेचार-पाच किलो बर्फ वितळतो. शिवाय इंचभर जाडीच्या थर्माकोलमधून उष्णता आत येत राहते. तिच्यापायी रात्रीच्या प्रवासात आणखी चार-पाच किलो जातो, भर दुपारी सहा-सात. म्हणजे गरम मटण खोक्यात कोंबलं तर निम्मा बर्फ नुसतं ते गार करण्यात खर्ची पडतो.

त्यापेक्षा पहाटे कापा, दिवसभर फ्रिजमध्ये गार करा आणि रात्री आठ-नऊला निघा. मग ८ किलो बर्फ पुरतो. मात्र १४ किलो एका पातेल्यात रचू नका, मधलं संध्याकाळपर्यंत कोमटच राहतं. ताटांत, जाळीवर सुटं पसरा. घरच्या एका फ्रिजला एवढं गरम मटण झेपत नाही, शेजारचाही मागून घ्या. भारनियमनाची वेळ आधी विचारून ठेवा.

सीना_चाप
वरच्यांचं बरोबर, पण खाटकाला सांगून बारीक पीस करून घेऊ नका. कापल्यावर काही तासांच्या आत मटण १० अंशांखाली गेलं तर स्नायू आखडतात, मटण चिवट होतं. हाडावरचे मोठे भाग ओढलेले राहतात आणि हळू गार होतात, म्हणून त्यांना हा त्रास कमी. मांड्या, खांदे, सीना अख्खे ठेवा, पीस ठाण्यात करा.

नासायला सुरुवात बहुतेक मागच्या मांडीत, खुब्याच्या सांध्यापाशी होते. तिथं मांस जाड, आतली उष्णता निघतच नाही. तो सांधा सुरीनं मोकळा करून घ्या.

धुवायचं नाही! ओलाव्यावर जंतू वाढतात; कोरड्या स्वच्छ कापडानं पुसा. कलेजी, वजडी, रक्ती गावातच संपवा, ती सगळ्यात आधी बिघडतात.

तेरणाकाठ
बर्फ लादीचा घ्यावा की बाटल्या गोठवाव्यात? खोका डिकीत चालेल का?

बालाघाट४२
बाटल्या. लादीचं पाणी खोक्याच्या तळाशी साचतं, पिशवीला बारीक भोक असलं तरी मटण त्यात भिजतं. एक लिटरच्या बाटलीत ९०० मिलीच भरा, गोठताना पाणी फुगतं. अशा नऊ बाटल्या. दोन दिवस आधी फ्रीझरमध्ये टाका, एका रात्रीत गाभा गोठत नाही. लादीच घ्यावी लागली तर रंग बघा: निळसर बर्फ खाण्यासाठीचा नसतो. पांढराही जाड पिशवीत बांधूनच ठेवा.

तळाला तीन बाटल्या, मटण, कडेनं दोन, वर चार. थंडी खाली उतरते, म्हणून वर जास्त. उरलेली पोकळी कागदाच्या बोळ्यांनी भरा. झाकणाच्या फटीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि टेंभुर्णीला चहाला थांबलात तरी उघडून बघू नका. बर्फावर मीठ टाकू नका, तापमान शून्याखाली जातं आणि बर्फाला टेकलेलं मटण गोठतं.

डिकी नको, एसी तिथवर पोचत नाही. मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, वरून गोधडी.

घरी पोचल्यावर स्वयंपाकाचा थर्मामीटर हाडाजवळ खुपसा. ५ अंशांपर्यंत असेल तर फ्रिजमध्ये. किंचित वर गेलं असेल आणि उशीर झाला नसेल तर लगेच शिजवा. चिकट लागलं किंवा खुब्यापाशी आंबूस वास आला तर तेवढाच भाग कापून बाकीचं ठेवायचं, असलं काही करू नका.

गारठा
गोधडीबद्दल एक. एसी नसेल, काचा उघड्या असतील तर गोधडीऐवजी ओलं गोणपाट टाका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते खोका चांगला गार ठेवतं, दर दीड-दोन तासांनी पाणी शिंपडा. खंडाळ्याचा घाट उतरलात की काढून टाका, खालच्या दमट हवेत ते वाळतच नाही.