संत्र्याच्या वाईनचा फेस्टिव्हल नागपुरात भर शहरात भरवावा का नाई?

संत्रावाला वरुड:
नाशिकले सुला फेस्ट 2008 पासून भरते, कोविडनंतर बंद पडला होता थो 2025 ले परत सुरू झाला. मुंबई-पुण्याचे पोट्टे गाड्या भरभरून जातात, गाणे ऐकतात, द्राक्षं तुडवतात, हॉटेलवाले खुश. मंग आपल्या नागपुरात, कस्तुरचंद पार्कवर, संत्र्याच्या वाईनचा असा फेस्टिव्हल काऊन नाई? आमच्याकडं गळ लागली का अर्धा माल झाडाखालीच सडते, जो रायते त्यातला बारका व्यापारी चुरी मनून बाजूले काढते अन् आपला भाव सांगून मोकळा. बांगलादेशानं आयात ड्युटी वाढवल्यापासून तर चांगल्या मालालेही कोणी विचारत नाई. चुरीची वाईन झाली तर काहीतरी हाती येईन. बोला.

बर्डीवाला पोट्टा:
एकदम सही भाऊ. पाव्हणा सकाळी तर्री पोहा खाईन, दीक्षाभूमी पाहीन, झिरो माईलवर फोटो काढीन, सीताबर्डी किल्ला चढीन, संध्याकाळी फुटाळा तलाव अन् मंग फेस्टिव्हल. रात्री सावजी. मेट्रो आहेच, पिऊन गाडी चालवाची गरजच नाई. नागपूरले लोक फक्त ताडोब्याले जाताना विमानातून उतराले येतात, एक रात्र तरी थांबतीन.

राळेगावची ताई:
किल्ला कधी चढवशीन रे बाबू? थो आर्मीच्या ताब्यात आहे, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट असे मोजके दिवस सोडले तर सहसा आत जाऊ देत नाईत. पयले आपलं शहर पाहून ये.
आता मुद्द्याचं. आमच्या बाजूच्या गावात बायांनी आडव्या बाटलीसाठी, मनजे दारूचं दुकान बंद कराच्या चिन्हासाठी, मतदान मागितलं होतं. तुमाले वाटते जास्त मतं पडली का दुकान बंद? नाई. जेवढं मतदान झालं त्याच्या अर्धे नाई, यादीत जेवढी नावं आहेत त्याच्या अर्ध्याहून जास्त मतं आडव्या बाटलीले लागतात, मनजे जी बाई कापूस वेचाले दुसऱ्या गावाले गेली, जी बाळंतपणाले माहेरी आहे, जी मरून गेली पण यादीत हाय, थ्या साऱ्या दुकानदाराच्या बाजूनं मोजल्या जातात. एक बाटली आडवी कराले एवढा आटापिटा अन् तुमी बाटलीचा मेळा भरवा मनता, थोही शेतकऱ्याच्या नावानं.

संत्रावाला वरुड:
ताई, देशी दारू अन् वाईन एकच काऊन करता? वाईनमंधी अल्कोहोल 12-13 टक्के, लोक जेवताना घोट घोट घेतात.

राळेगावची ताई:
2022 च्या जानेवारीतही हेच आयकलं होतं, सुपरमार्केटात वाईन ठेवू देऊ, शेतकऱ्याचं भलं होईन. एवढा गोंधळ झाला का थो निर्णय तसाच पडून रायला. अन् घोट घोट थे लोक घेतात ज्यायच्या घरी उद्याचा किराणा भरला असते. आमच्या गल्लीत कोणी घोट घोट घेत नाई.

रसवाला मोर्शी:
मी मधातच बोलतो, भांडण तुमचं चालू द्या. कोणी संत्र्याची वाईन करून पायली का? आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला का काही वेळानं कडू पडते, घरी फ्रीजमंधी ठेवून पाहा, सकाळी तोंड वाकडं होते. थो कडूपणा काढाले मशीन लागते, खर्च लागते. दुसरं, वाईनच्या द्राक्षात साखर 22-24 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) असते, संत्र्याच्या रसात 10-12 भेटली तरी लय, मनजे वरून साखर टाकाच लागते. साखर पश्चिम महाराष्ट्राची, बाटली भलतीकडची, तुमची फक्त चुरी. हिशोब करा कोणाचा फेस्टिव्हल होईन थो. मी विरोधात नाई, पण नाशिकच्या मांगं वाईनरी आहेत, 2001 पासूनचं वाईनचं धोरण आहे, थ्यो मेळा मळ्यात भरते, शहराच्या चौकात नाई. आपण वाईनरीच्या पयले स्टेज बांधून रायलो.

बर्डीवाला पोट्टा:
यार तुमी लोक प्रत्येक गोष्टीत खोट काढता, मनूनच विदर्भ मांगं रायला.

धानोऱ्याचा मास्तर:
विदर्भाचंच पेय पायजे तर मोहाचं नाव घ्या ना. मार्च-एप्रिलात पहाटेच बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, उन्ह चढाच्या आत एकेक फूल वेचाचं, मंग अंगणात वाळवाचं अन् गरज पडली का व्यापाऱ्याले मातीमोल द्याचं. मध्य प्रदेशानं मोहाची हेरिटेज दारू काढली. आपला गडचिरोली 1993 पासून दारूबंदीत, त्यामुळं इथं थो विषय काढणंही कठीण, आणि दारूबंदी उठावी असं माझं मत अजिबात नाई हे आधीच सांगतो. पण मोहाचे लाडू, मोहाचं सिरप नागपुरात विकता येते की नाई? 'वाईन' नाव दिलं का नाशिकची नक्कल होते अन् नकलेले पाहाले पाव्हणा विमानाचं तिकीट काढत नाई.

राळेगावची ताई:
मास्तरांचं पटलं. रस, बर्फी, लाडू, लोणचं, जे विकाचं थे विका, मी सोता स्टॉल लावतो. संत्रा बर्फी तर लोक नागपुरातून डबे भरून नेतातच, त्याले कोणत्या फेस्टिव्हलची गरज पडली?

संत्रावाला वरुड:
बर्फीत किती चुरी जाते ताई? ट्रकच्या ट्रक पडून असते. तुमचं दुःख खोटं मनत नाई मी, पण माह्या बागेले दरसाल पाणी, फवारणी, डिंक्या रोग लागला का साल खरवडून बोर्डो पेस्ट लावा, हा खर्च लाडवानं नाई निघत. वाईन नको असन तर नको, मंग ज्यूसचा कारखाना दाखवा जो खरंच चालू हाय.

रसवाला मोर्शी:
हे बोलला आता. फेस्टिव्हल राहू दे, तुह्याकडं या आंबिया बहाराची चुरी अंदाजे किती निघीन थे टाक इथं, अन् आजूबाजूच्या बागवाल्यायलेही विचार. कडूपणा काढाच्या मशीनचा भाव मी काढतो.

बर्डीवाला पोट्टा:
मनजे स्टेज कॅन्सल?