भाचा गोलकीपर, आई पुण्याची, बाबा इंग्रज : भारताकडून खेळू शकतो का?

एरंडवणे_मामा

नमस्कार मंडळी, फुटबॉल बघणारे-खेळणारे कोणी असाल तर जरा मार्गदर्शन करा, मला क्रिकेटच्या पलीकडे फारसं कळत नाही. माझी बहीण लग्न करून इंग्लंडला गेली, जिजाजी तिकडचेच, गोरे. भाचा आता १६ वर्षांचा आहे, गोलकीपर आहे, उंची आत्ताच माझ्या वर गेलीये आणि एका क्लबच्या अकॅडमीत त्याला पुढच्या दोन वर्षांसाठी घेतलंय. म्हणजे अजून प्रोफेशनल नाही पण त्या रांगेत उभा आहे असं समजा. आणि आमच्या बाबांनी सगळ्या सोसायटीत जाहीर करून टाकलंय की नातू भारताकडून खेळणार. पासपोर्ट ब्रिटिश आहे, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) लहानपणीच काढलंय. जिजाजी म्हणतात इंग्लंडची वाट बघू, बहीण म्हणते आधी अभ्यासाचं बघू, आणि पोरगा स्वतः काहीच बोलत नाही, दिवसभर यूट्यूबवर पेनल्टी वाचवलेल्या बघत बसतो. तर प्रश्न असा की ओसीआयवर भारताकडून खेळता येतं का, आणि असे दोन देशांच्या घरातले किपर आधी झालेत का, त्यांचं पुढे काय झालं?

बालेवाडी_वेस्ट_स्टँड

मामा, ओसीआयवर नाही खेळता येत. २००८ पासून सरकारचं धोरण आहे की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताची जर्सी, सगळ्याच खेळांना. टेनिसमध्ये प्रकाश अमृतराजला ह्याच कारणामुळे बाहेर बसावं लागलं होतं. आणि भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत, त्यामुळे इकडचा पासपोर्ट घ्यायचा म्हणजे तिकडचा सोडायचा.

असं करणारा माणूस आपल्या पुण्यातच होता हो. अराता इझुमी. वडील गुजराती, आई जपानी, जन्म जपानचा. पुणे एफसीकडून खेळायचा, मिडफिल्डला, बालेवाडीला आम्ही जाऊन बघायचो, स्टेडियम एवढं मोठं आणि माणसं इतकी कमी की खेळाडूंच्या हाका वर ऐकू यायच्या. त्याने जपानी पासपोर्ट सोडला आणि २०१३ ला भारताकडून उतरला. त्याच सीझनला पुणे एफसी आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, दुसरी आली होती, २०१२-१३, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. आता तो क्लबच राहिला नाही, तो विषय काढला की माझं डोकं फिरतं, असो. अलीकडे २०२५ मध्ये बेंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सनेही ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आपला घेतला, त्याची आई मुंबईची अँग्लो इंडियन. पण दोघंही किपर नाहीत आणि दोघांनी हे केलं तेव्हा ते इथेच खेळत होते, इथेच पगार घेत होते. तुमच्या भाच्याचं तसं नाहीये.

मीनल_पाषाण

कायद्याचं थोडं सांगते, कारण ओसीआयच्या कागदपत्रांत माझं बरंच आयुष्य गेलंय. ओसीआय पाच वर्षं जुनं असेल तर भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण अर्जाच्या आधीचे बारा महिने इथे राहिलेलं असावं लागतं. तुमच्या भाच्याची पाच वर्षं झालीच असतील, अडतं ते बारा महिन्यांवर. म्हणजे इंग्लंडमधलं ट्रेनिंग सोडून एक वर्ष इकडे, आणि ते ज्या वयात करायचं त्याच वयात तिकडे क्लब ठरवत असतात की हा पोरगा ठेवायचा की सोडायचा.

आणि समजा इथे येऊन आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगच्या क्लबमध्ये राहिला तरी पासपोर्ट हातात येईपर्यंत तो परदेशी खेळाडू म्हणूनच मोजला जाणार. परदेशी जागा मोजक्या, त्या क्लबवाले स्ट्रायकर आणि डिफेंडरवर घालवतात, किपरवर कोण घालवतंय. पहिल्या सीझनला, २०१४ ला, केरळने इंग्लंडचा जुना किपर डेव्हिड जेम्स आणला होता ते दिवस गेले.

पण माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. ब्रिटिश पासपोर्ट सोडला की तो इंग्लंडमध्येच परदेशी होतो! मग तिथे खेळायला वर्क परमिट, आणि ब्रेक्झिटनंतर ते पॉइंट्सवर मिळतं, त्यात तुमचा देश फिफा क्रमवारीत कुठे आहे त्याला खूप वजन. आपण शंभराच्याही बाहेर. म्हणजे भारताकडून खेळल्यामुळे तिकडची नोकरी जायची, हे सगळ्यात विचित्र. ब्रिटिश नागरिकत्व एकदा सोडून परत घेता येतं, तशी तरतूद त्यांच्या कायद्यात आहे, पण परत घेतलं की आपलं आपोआप जातं. बाबांना हे सगळं हळूहळू सांगा.

किपर_खडकी

वरच्या दोघांनी कागदाचं सांगितलं, मी खेळाचं सांगतो. मी कॉलेजपासून गोलमध्ये उभा आहे, आता रविवारी पोरांना शिकवतो, आणि माझं स्पष्ट म्हणणं आहे की भाच्याचा देश कोणता हा प्रश्न आत्ताचा नाहीच, त्याला मॅच कुठे मिळणार हा प्रश्न आहे, कारण स्ट्रायकर चार असले तर चौघांना कधी ना कधी दहा-वीस मिनिटं मिळतात, किपरचं काय, एक उभा राहतो आणि बाकीचे बिब घालून बसतात, वर्षंच्या वर्षं.

नील एथरिजचं करिअर नीट वाचायला द्या त्याला. वडील इंग्रज, आई फिलिपिनो, जन्म लंडनचा १९९०चा. चेल्सीच्या अकॅडमीत होता, इंग्लंडच्या १६ वर्षांखालच्या टीममध्ये खेळलेला, म्हणजे तुमच्या जिजाजींना पाहिजे ते सगळं झालेलं. चेल्सीत त्याच्याबरोबर फिल आणि जेम्स यंगहजबंड हे भाऊ होते, तेही अर्धे फिलिपिनो, त्यांनी फिलिपिन्सच्या फेडरेशनला कळवलं की इकडे एक आपला किपर आहे. २००८ मध्ये तो फिलिपिन्सकडून खेळला, अठरा वर्षांचा होता. तेव्हा त्या टीमला आशियात कोणी विचारत नव्हतं, बास्केटबॉलचा देश तो.

क्लबमध्ये काय चाललं होतं तर चेल्सीनंतर फुलहॅम. पुढे मार्क श्वार्झर उभा, (हाही गमतीशीर, आईवडील जर्मन, जन्म सिडनीचा, ऑस्ट्रेलियाकडून १०९ मॅच). अशा माणसाच्या मागे तुमचा नंबर कधी लागणार? लोनवर (उसना म्हणून) इकडे तिकडे, लेदरहेडसारख्या छोट्या क्लबात, ब्रिस्टल रोव्हर्स, क्रू. फुलहॅमच्या पहिल्या टीमकडून २०१४ पर्यंत मिळून एकच मॅच, डिसेंबर २०११ ला युरोपा लीगमध्ये ओडेन्सविरुद्ध, आणि त्यातही शेवटच्या मिनिटांत गोल खाऊन २-२, फुलहॅम स्पर्धेबाहेर. बास.

पण त्याच काळात तो फिलिपिन्सकडून डिसेंबर २०१० ला, आग्नेय आशियाई देशांच्या एएफएफ कपमध्ये, हनोईत उभा होता. समोर व्हिएतनाम, आधीच्या वेळचे चॅम्पियन, त्यांचं घरचं मैदान, आणि फिलिपिन्स २-० जिंकलं. आख्ख्या देशात फुटबॉलचं वेड लागलं त्या मॅचनंतर. सेमीफायनलला घरी खेळवण्यालायक स्टेडियम नव्हतं म्हणून दोन्ही मॅच जकार्तात खेळाव्या लागल्या, ही परिस्थिती. आता सांगा, विशीतल्या किपरला फुलहॅमच्या बेंचवर हे प्रेशर मिळालं असतं का?

२०१४ ला फुलहॅमने सोडला, काही महिने क्लबच नव्हता, खेळ सोडायच्या काठावर होता. मग ओल्डम, चार्लटन, मग वॉल्सॉल म्हणजे तिसरी पातळी, तिथे मात्र दोन सीझन नियमित खेळला. २०१७ ला कार्डिफ, पहिल्याच सीझनला प्रमोशन, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रीमियर लीगमध्ये उतरणारा पहिला फिलिपिनो. बोर्नमथविरुद्ध पहिल्याच मॅचला कॅलम विल्सनची पेनल्टी वाचवली, पुढच्या मॅचला न्यूकॅसलविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये केनेडीची वाचवली आणि ०-० राहिलं. २८ वर्षांचा होता तेव्हा! किपरचं असंच असतं, स्ट्रायकर ज्या वयात उतरणीला लागतो त्या वयात आमची सुरुवात होते.

सिंहगड_रोड_संशयी

लेख छान आहे, पण हे उदाहरण इथे बसत नाही राव. फिलिपिन्स दोन पासपोर्ट चालवून घेतं. एथरिजला काहीच सोडावं लागलं नाही, सोमवार ते शनिवार इंग्लिश आणि इंटरनॅशनल ब्रेकला फिलिपिनो. वर मीनलताईंनी लिहिलंय तसं आपल्याकडे एक तोडायचं मग दुसरं जोडायचं. शिवाय देशाला त्याचा उपयोग तरी किती झाला ते पण लिहा की. फिलिपिन्स इतिहासात पहिल्यांदा आशिया कपला गेलं २०१९ ला, आणि हा गेलाच नाही, कार्डिफ रेलिगेशनच्या (खालच्या लीगमध्ये घसरायच्या) भीतीत अडकलेलं होतं म्हणून तिकडेच थांबला.

किपर_खडकी

@संशयी, पासपोर्टचा मुद्दा मान्यच आहे, म्हणून तर म्हणतोय देश नंतर. पण आशिया कपचं अर्धवट सांगितलंत. फेडरेशन आणि क्लब दोघांनी बोलून ठरवलं होतं ते. आणि त्याच्या जागी जो उभा राहिला मायकेल फाल्केसगार्ड, तो कोण, वडील डॅनिश आणि आई फिलिपिनो! एक आला म्हणून दुसऱ्याला वाट दिसली. किपर एकटा येत नाही, हे माझं मत.

आणि पगार कोण देतं? क्लब. एका सीझनला प्रीमियर लीगची जागा सोडून जा म्हणणं सोपं आहे, जागा गेली की परत मिळत नाही. पुढच्याच सीझनला तो जखमी झाला, दुसरा किपर स्मिदीज आत आला आणि ह्याचं कार्डिफ संपल्यातच जमा झालं.

अनुजा_औंध

दोघं भांडत बसा पण मामांनी अजून एक गोष्ट विचारात घ्यावी, पोराच्या मनाची. झिऑन सुझुकी बघा. वडील घानाचे, आई जपानी, जन्म अमेरिकेत आणि वाढला सैतामात, उरावा रेड्समध्ये. जपानी सोडून दुसरं काही नाहीच तो. जानेवारी २०२४ च्या आशिया कपला त्याच्याकडून काही गोल सोपे गेले, आणि सोशल मीडियावर लोक त्याच्या खेळावर नाही तर रंगावर उतरले. त्याला जाहीरपणे सांगावं लागलं की हे थांबवा. स्ट्रायकरने चुकवलं तर म्हणतात आज फॉर्म नाही, किपरने चुकवलं आणि वर आडनाव किंवा चेहरा वेगळा असला की लगेच हा आपला नाहीच. त्याच वर्षी तो पार्माला गेला, सेरी आमध्ये (इटलीची वरची लीग) जपानचा पहिला किपर, आणि जपानने त्याला काढला नाही हे महत्त्वाचं.

आपल्याकडे तर क्रिकेटमध्ये एक कॅच सुटला की काय काय लिहितात ते बघतोच आपण. मामांच्या भाच्याला मराठी येतं का? वाचता नाही आलं तर बरंच म्हणायचं.

एरंडवणे_मामा

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. अनुजाताई, मराठी बोलतो, मामेभावंडांनी शिकवलेले सगळे शब्दही बोलतो. बाबांना वर्क परमिटचं सांगितलं तर म्हणाले कायदा बदलेल, म्हणजे विषय संपला. एक शंका राहिली, समजा तिकडे इंग्लंडच्या ज्युनियर टीममध्ये निवड झाली तर इकडचा दरवाजा कायमचा बंद होतो का?

बालेवाडी_वेस्ट_स्टँड

फिफापुरतं बोलायचं तर नाही होत. ज्युनियर खेळून नंतर देश एकदा बदलता येतो, आईचा किंवा आजीआजोबांचा जन्म तिथला असला की नातं धरलं जातं, पण ज्युनियरच्या मॅच २१ च्या आत झालेल्या हव्यात. मार्टेन पास हा किपर ह्यातच अडकला होता, नेदरलँड्सच्या अंडर-२१ कडून वयाची २१ झाल्यावर खेळला म्हणून. आजीचा जन्म इंडोनेशियातला. प्रकरण क्रीडा लवादात गेलं, ऑगस्ट २०२४ ला सुटला, आणि सप्टेंबरमध्ये जेद्दामध्ये इंडोनेशियाकडून पहिल्याच मॅचला सौदीच्या सालेम अल दौसरीची पेनल्टी अडवली. हे अर्धे-अर्धे किपर पहिल्या मॅचला पेनल्टी वाचवायचं कुठे शिकतात कोणास ठाऊक.

तर इंग्लंडने बोलावलं तर बिनधास्त जाऊ दे.

किपर_खडकी

+१. आणि भारतीय किपर व्हायला परदेशातूनच यावं लागतं असंही नाही, अमरिंदर पुणे एफसीच्या ज्युनियरमधून वर आला, विशाल कैथ एफसी पुणे सिटीच्या गोलमध्ये २०१७ ते २०१९ उभा होता. म्हणजे इकडे आला तरी त्याला जागा कोणी ताटात वाढून देणार नाहीये, हेही बाबांच्या कानावर घाला.

सुट्टीत पुण्याला आला की मला मेसेज करा, सकाळी साडेसहाला आमची पोरं असतात, त्याच्याबरोबर उडी मारायला सगळे तयार होतील. फक्त फुल पँट घालून यायला सांगा, मे महिन्यात आमचं मैदान म्हणजे नुसते खडे, आणि ग्लोव्हज जुनेच आणू दे, नवीन लॅटेक्सचं इथे पहिल्याच दिवशी भुस्कट होतं.