फिजिक्स 'इज' की 'आर'? आणि जर्नलमधली तीन लाल वर्तुळं

शेवटचा_बाक:
एफवाय बीएस्सीला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजीत जर्नल लिहिताना अजून अडखळते. परवा साध्या लंबकाच्या प्रयोगाचं जर्नल (प्रयोगवही) तपासून आलं, त्यात तीन लाल वर्तुळं. पहिलं 'फिजिक्स आर बेस्ड ऑन मेझरमेंट'मधल्या 'आर'ला. दुसरं 'द लेंग्थ वॉज मेझर्ड बाय मी'मधल्या 'बाय मी'ला. तिसरं थेट उत्तराला! लांबी १ मीटर, २० दोलनांना ४०.२ सेकंद, म्हणून जी (गुरुत्वीय त्वरण) = ९.७७१६४४. कॅल्सीवर दोनदा करून बघितलं, तेवढंच येतं.
सर घाईत होते, विचारायचा धीर झाला नाही. शेवटी 'एस' आहे तर अनेकवचन का नाही? आणि रूमवर वेगळंच भांडण: मी 'फिजिक्स अवघड गेलं' म्हणते, नागपूरची रूममेट 'अवघड गेली' म्हणते.

रट्टा_मार:
'फिजिक्स इज'. पाठ कर आणि पुढे चल. मार्क कापले नाहीत ना?

लाल_पेन:
पाठ कशाला करायचं, पोरीनं 'का' विचारलंय.
तीस वर्षं लॅबमध्ये जर्नलं तपासली, आता निवृत्त आहे. ही तिन्ही वर्तुळं मीही काढली असती, म्हणून सांगतो.
तो 'एस' ग्रीकमधल्या अनेकवचनाची खूण आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रंथाचं नाव 'टा फिजिका', म्हणजे निसर्गाविषयीच्या गोष्टी. इंग्रजीनं शेपूट ठेवलं, पण विषय एकच धरला, म्हणून 'इज'. फ्रेंच लोक फिजिक्सला एकवचनी ठेवतात आणि गणिताला अनेकवचनी करतात, तेव्हा यात फार तर्क शोधू नकोस. 'स्टॅटिस्टिक्स' मात्र जपून वापर: विषय असेल तर 'इज', हातातले आकडे असतील तर 'आर'. (फिजिशियन म्हणजे डॉक्टर हे आधीच ठरून गेलेलं, म्हणून १८४० मध्ये ह्यूएल या इंग्रज पंडितानं 'फिजिसिस्ट' हा शब्द घडवला. दर वर्षी कुणीतरी जर्नलात फिजिशियन लिहायचंच.)
आता 'बाय मी'. आपल्याकडे 'प्रयोग' शब्द लॅबमध्येही आहे आणि व्याकरणातही, आणि तुझी चूक नेमकी दोन्हींच्या मध्ये पडली. 'मी लांबी मोजली' यात क्रियापद लांबीच्या मागून जातं. दोरा असता तर 'मोजला' झालं असतं. म्हणजे भूतकाळातल्या अशा वाक्यांत आपण न ठरवताच कर्मणी प्रयोग करतो. कर्ता गाळून 'लांबी मोजली' म्हटलं तरी काही बिघडत नाही. इंग्रजीत त्यासाठी 'वॉज मेझर्ड' करावं लागतं, आणि तिथं आपलं मन त्या गाळलेल्या 'मी'ला ओढून शेवटी बसवतं. लांबी कुणी मोजली हे वाचणाऱ्याला नकोच असतं, कशानं मोजली ते हवं असतं. 'मीटरपट्टीने' लिही. आणि मराठीत लिहिशील तेव्हा 'लांबी मोजण्यात आली' लिहू नकोस, ते सरकारी परिपत्रक वाटतं.
तिसरं वर्तुळ सगळ्यांत महत्त्वाचं. स्टॉपवॉच हातानं दाबलंस ना? सुरू करताना आणि थांबवताना मिळून ०.२ सेकंद इकडेतिकडे होणारच. ४०.२ मध्ये ०.२ म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात काळाचा वर्ग आहे, म्हणून जीमध्ये एक टक्का, म्हणजे जवळपास ०.१. मग ९.७७ मधला पहिला सातच डळमळीत, पुढचे '७१६४४' तर कॅल्सीचे आहेत, तुझ्या लंबकाचे नाहीत. ९.८ ± ०.१ लिही. आणि एकक कुठंय? मी चौथं वर्तुळ काढलं असतं.

वऱ्हाडी_ठेचा:
रूममेटच्या बाजूनं बोलतो. आमच्याकडे हिंदी कानावर असते, तिकडे 'मेरी फिजिक्स' सर्रास चालतं. तेच मराठीत आलं.
बाकी 'केमिस्ट्री गेली', 'बायॉलॉजी गेली' म्हणताना तुम्ही पुणेवालेही भांडत नाही, कारण शेवटी ई आहे. फिजिक्स आणि मॅथ्सला ती ई नाही, आणि मनात मागे 'शास्त्र' उभं असावं, म्हणून 'गेलं'. तुझ्या मैत्रिणीला सांग, स्त्रीलिंगच हवं असेल तर सरळ 'भौतिकी अवघड गेली' म्हण, कुणाची बिशाद नाही चूक काढायची.

शेवटचा_बाक:
सांगितलं. म्हणाली, 'भौतिकी' म्हटलं तर मेसमध्ये सगळे हसतील.
जर्नल परत लिहिलं: 'मीटरपट्टीने लंबकाची लांबी मोजली, १.००० मीटर', अर्थात इंग्रजीत. शेवटी जी = ९.८ ± ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता बरोबर?

लाल_पेन:
वाक्य झकास. आता एक सांग, लांबी कुठपर्यंत मोजलीस? दोऱ्याच्या गाठीपर्यंत की बॉबच्या (खाली टांगलेल्या गोळ्याच्या) मध्यापर्यंत?

शेवटचा_बाक:
गाठीपर्यंत.

लाल_पेन:
आणि बॉबची त्रिज्या?

शेवटचा_बाक:
एक सेंटिमीटर असेल. म्हणजे तिथंच एक टक्का गेला ना सर? सोमवारी लॅब आहे, परत मोजते.