मामाचं सिको डायव्हर: दुकानदार म्हणतो सहा हजार, मी काय धरू?

चिपळूणची_मी:
माझा मामा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. निवृत्त झाल्यावर हातातलं घड्याळ काढून त्याने मला दिलं. सिको एसकेएक्स००७, स्कुबा डायव्हिंगसाठी बनवलेलं. दुबईत घेतलेलं, त्यामुळे वार इंग्रजीत नाहीतर अरबीत लावता येतो. काळी डायल, चावी तीनऐवजी चारच्या जागी, काचेवर एक लांब ओरखडा, बेझलच्या (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याच्या) कडा झिजलेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं की रविवारी दुपारी बंद पडतं. इथल्या एका दुकानात दाखवलं तर म्हणाला, "मशीन गेलंय, सहा हजार देतो." वर हेही म्हणाला की पॉलिश मारून नवी डायल टाकली तर जास्त येतील. नेटवर बघावं तर याच घड्याळाचे आकडे कुठल्या कुठे. मला बाजारात विकायचं नाही, पण मामेभाऊ मागे लागलाय, पैसे देतो म्हणतो. त्याला काय सांगू? आणि दिवाळीनंतर मालवणला स्कुबा करणार आहे, तेव्हा घातलं तर चालेल का?

काटेकोर, पुणे:
मशीनला काहीही झालेलं नाही. आत ७एस२६ नावाचं मशीन आहे, पूर्ण भरलेलं असलं की साधारण चाळीस-एकेचाळीस तास चालतं. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत मोजा. ज्याला हे माहीत नाही त्याच्याकडे घड्याळ उघडायला देऊ नका, आणि ज्याला माहीत असूनही त्याने तसं सांगितलं असेल त्याच्याकडे तर मुळीच नको.

या मशीनला चावी देण्याची सोयच नाही. चावी फक्त वेळ, वार नि तारीख लावायला. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते, कुठल्याही बाजूला फिरलं तरी. सोमवारी सकाळी आडवं धरून थोडा वेळ हळू झुलवा आणि हातात घाला. रात्री नऊनंतर पहाटेपर्यंत तारखेला हात लावू नका, तेव्हा तारखेची चाकं गुंतलेली असतात. दिवसाला अर्धा मिनिट पुढे जात असेल तरी घाबरू नका, कंपनीने दिलेली मर्यादाच २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे अशी ऐसपैस आहे.

आता किंमत. हे मॉडेल १९९६ ला आलं आणि २०१९ च्या सुमारास बंद झालं. अमेरिकेत नवं कोरं दोनशे डॉलरच्या आत मिळायचं, तेव्हा कोणी फारसं ढुंकून बघत नव्हतं. बंद झालं आणि सगळ्यांना प्रेमाचं भरतं आलं. त्याच्या जागी आलेल्या सिको ५ स्पोर्ट्सचं मशीन खरं म्हणजे सरस आहे. चावी देता येते, वेळ लावताना सेकंदकाटा थांबतो. पण पाण्याची मर्यादा १०० मीटर, आणि डायलवर 'डायव्हर्स' नाही. तो शब्द आयएसओ ६४२५ या डायव्हर घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कसोट्या पार केलेल्या घड्याळावरच लिहिता येतो: दर्शवलेल्या दाबापेक्षा पंचवीस टक्के जास्त दाब, अंधारात २५ सेंटीमीटरवरून वेळ वाचता येणं वगैरे. तुमच्या डायलवर तो असणार, २०० मीटरसकट.

म्हणूनच 'नवी डायल' ऐकून माझ्या पोटात गोळा आला. जुन्या सिकोच्या आणि एचएमटीच्या डायली रंगवून, चार घड्याळांचे भाग एकात घालून विकायचा धंदा आपल्याकडे जुना आहे. परदेशातले हौशी लोक अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे! बेझल झिजलेली चालते, रेडियम पिवळट पडलेलं चालतं. डायल, काटे, केस (घड्याळाची बाहेरची धातूची डबी) मूळची हवीत. पॉलिशने केसच्या धारा एकदा गेल्या की परत येत नाहीत. ओरखड्याची काच मात्र बदलली तरी हरकत नाही, जुनी पुडीत जपून ठेवा.

मागचं झाकण बघा. मध्ये लाटेचं चित्र, कडेने ७एस२६-००२० आणि सहा आकडी नंबर. त्यातला पहिला आकडा घड्याळ बनलं त्या वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा. दशक तुम्हालाच ओळखावं लागतं.

नेटवर लावलेले आकडे म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. विकली गेलेली बघा, तीही अशीच वापरलेली, आणि त्यातून सर्व्हिसिंगचा खर्च वजा करा.

तळाशी, मालवण:
स्कुबाचं मी सांगतो, रोज तेच काम आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही उथळ पाण्यातच नेतो. ओपन वॉटरचा, म्हणजे स्कुबाच्या पहिल्या पायरीचा, कोर्स केलात तरी मर्यादा १८ मीटर. तेव्हा २०० चा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही, पाणी आत जाऊ न देणारे रबरी वॉशर उपयोगाचे. वॉशर किती जुने आहेत ते मामांना विचारा. ते बदलून, प्रेशर टेस्ट करूनच घड्याळ पाण्यात न्या, आणि चावीचा स्क्रू पूर्ण आवळा.

आता सगळे डाइव्ह कॉम्प्युटरवरच (खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटी यंत्रावर) चालतात, माझ्याही हातात तोच. तरी बेझल मला आवडते. खाली जाताना तिचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग पाण्यात किती वेळ झाला ते थेट वाचता येतं. ती उलट्या दिशेनेच फिरते. कशाला घासून हलली तर झाला त्याहून जास्त वेळ दाखवेल, कमी कधीच नाही. वर आल्यावर गोड्या पाण्यात धुवा, बेझलखाली मीठ साचतं.

उगाच_एक_प्रश्न:
मामेभाऊ म्हणजे त्याच मामांचा मुलगा ना? मग त्यांनी त्याला का नाही दिलं?

चिपळूणची_मी:
हो, त्यांचाच. तो स्मार्टवॉच घालतो, म्हणून नाही दिलं! मामाला विचारलं तर म्हणाला, त्याला गप्प बसायला सांग.

नंबर ४८ ने सुरू होतो. घेतलं तेव्हा मी शाळेत होते, म्हणजे ऑगस्ट २००४. मामाला आठवतं तसं झाकण एकदाही उघडलेलं नाही. पुण्यात प्रेशर टेस्टचं यंत्र असलेला कोणी घड्याळजी माहीत असेल तर काटेकोर, मेसेज करा. डायलला हात लावणार नाही असा हवा.