अनुभव धागा: माणूस समोर कोसळला तेव्हा सीपीआर (हृदय थांबलं की छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) कुणाला येत होता?

काल लेक यूट्यूबवर २०२१च्या युरोतली डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल मॅच बघत होता. डेन्मार्कचा एरिक्सन मैदानात कोसळतो, बाकीचे खेळाडू पाठमोरं कडं करून उभे आणि आत सीपीआर चालू. मग हृदयाला विजेचा शॉक दिला, वाचला. पुढच्याच वर्षी परत खेळायलाही लागला.

आमच्या कॉलनीतले काका आठवले. बॅडमिंटन खेळताना खाली बसले ते आडवेच. एकजण पाणी आणायला पळाला, एकजण तळपाय चोळतोय, कुणी म्हणे कांदा हुंगवा. घोरल्यासारखा आवाज येत होता, त्यामुळे श्वास चालू आहे अशीच सगळ्यांची समजूत. गेटवरचा वॉचमन आला, सगळ्यांना बाजूला सारून छाती दाबायला लागला. आधी कारखान्यात होता, तिथे शिकवलेलं. काका आता ठणठणीत. काकू रॅकेटला हात लावू देत नाहीत, तो भाग वेगळा.

तुमचे अनुभव लिहा.

मनीमाऊ: बापरे, काटा आला. वॉचमनदादांना साष्टांग __/\__

घाटावरची_डॉक्टर: ते घोरणं म्हणजे श्वास नव्हे, हे आधी डोक्यात ठेवा. हाक मारून, खांदे हलवून माणूस उठत नाही आणि श्वास नीट नाही? १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा आणि सुरू करा. छातीच्या मधोमध, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलात की दुसऱ्याला बसवा. काहीच केलं नाही तर वाचायची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. ओपीडी आहे, पळते.

बंड्या: १२० म्हणजे आमची दहाव्या दिवशीची आरती. प्रसाद समोर आला की आपोआप वेग येतो :)

गोदाकाठ: बाबा असेच गेले. घरात चौघं होतो, गाडी शोधत राहिलो. जास्त लिहवत नाही.

मनीमाऊ: गोदाताई, तेव्हा कुणाला माहीत होतं हो. विपू (विचारपूस) बघा, तिथे लिहिलंय.

हापूस: सासूबाई देवळात पडल्या तर पुरुष हात लावायला धजेनात. शेवटी फुलवाली उठली. आणि तोंडाने श्वास द्यायचाच का? आमच्याकडे मे महिन्यात पर्यटक बुडतात, लोक पोट दाबून पाणी काढत बसतात.

घाटावरची_डॉक्टर: मोठा माणूस अचानक कोसळला तर नुसतं दाबलं तरी चालतं. बुडालेला किंवा लहान मूल असेल तर श्वास हवेच, ३० दाब, २ श्वास. पोट अजिबात दाबू नका, उलटी श्वासनलिकेत जाते.

नवखा: बरगडी मोडली तर?

बंड्या: जुळते रे. बाकीचं नाही जुळत.

मनीमाऊ: सोसायटीत शिबिर ठेवायचंय, सरावाचा पुतळा भाड्याने मिळतो का?

हापूस: पुण्यात असाल तर सांगते. आणि ते आंब्याच्या पेटीचं राहिलंय हां, फोन करा.