बोलायला लावू नका, सोबत जा

'अबोल नातेवाइकाशी बोलायचं तरी काय?' असं कुणीतरी विचारलंय. माझं मत, बोलूच नका, सोबत जा. आमचे धाकटे काका लग्नकार्यात कोपरा धरून बसणारे, 'हं'च्या पुढं गाडी नाही. त्यांच्याबरोबर कोल्हापुरात गंगावेशीत दूध प्यायला जायला लागलो. समोरच म्हशीची धार काढतात, फेसाळ पेला हातात येतो, बोलायची सक्तीच नाही. एकदा खासबागेवरून जाताना स्वतःहून सुरू झाले. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, कुठंही बसा, आखाडा दिसतोच. तरुणपणी स्वतः लाल मातीत उतरलेले, घरात कुणाला धड ठाऊक नव्हतं! (चारचौघांत 'बोला की ओ' म्हणून डिवचणाऱ्या पाहुण्यांना मात्र आवरा.) आता कुस्त्या असल्या की त्यांचाच फोन येतो, 'येतोस न्हवं?' एवढाच.